थकलेल्या घोड्याला नवे घर

घोडा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर, लग्नाच्या वरातीत किंवा एखाद्या चौपाटीवर तो दिसतो. लगाम, जीन, नाल, चाबूक, तबेला हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. ते अरबी-फारसीतून आले आणि उर्दूप्रमाणे मराठीतही रुजले. पण हे सगळे शब्द काम करणाऱ्या घोड्याचे आहेत. काम थांबलेल्या घोड्याचे पुढे काय होते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

घोडा साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे जगतो. पंधरा-वीस वर्षांनंतर त्याची ताकद कमी होऊ लागते. त्याची कमाई थांबते, भूक मात्र थांबत नाही. मालक गरीब असेल तर त्याच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. काही वेळा असा घोडा रस्त्यावर मोकाट सोडून दिला जातो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

या बाबतीत इजिप्त देशातील एक खरी हकीकत ऐका. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. त्यानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. ते घोडे गाड्या ओढू लागले. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई कैरो शहरात आली. एका सैनिकी अधिकाऱ्याची ती पत्नी होती. रस्त्यावरचे ते घोडे तिने पाहिले. ते आता वीस वर्षांपेक्षा मोठे झाले होते. त्यांची हाडे वर आली होती. काही लंगडत होते, काही आंधळे झाले होते. तिने १९३१ साली इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात पत्र लिहून मदत मागितली. लोकांनी पैसे पाठवले. पुढच्या तीन वर्षांत तिने सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक घोडे इतके खंगले होते, की त्यांना बरे करणे शक्य नव्हते. त्यांना शांतपणे मरण देणे एवढेच तिच्या हाती उरले. घोड्यांचे मालकही अतिशय गरीब आहेत, हे तिने ओळखले. म्हणून १९३४ साली तिने कैरोत जनावरांसाठी मोफत उपचारांचे रुग्णालय सुरू केले.

या हकीकतीवरून काय समजते? मदत वेळेवर पोहोचली पाहिजे. पण नुसती वेळेवर पोहोचून भागत नाही. मदत कशी करावी हेही माहीत असावे लागते.

समजा, तुमच्या गावात एक उपाशी, म्हातारा घोडा सापडला. तुमच्या मनात पहिला विचार कोणता येईल? त्याच्यासमोर हरभऱ्याची पाटी ठेवावी, असेच वाटेल ना? पण थांबा! ही माया त्याच्या जिवावर बेतू शकते.

खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरातील क्षार कमी झालेले असतात. अशा वेळी एकदम धान्य मिळाले, की रक्तात साखर वाढते. ती साखर वापरताना शरीराच्या पेशी रक्तातील उरलेसुरले क्षारही ओढून घेतात. त्यामुळे हृदय आणि फुप्फुसे नीट काम करीत नाहीत. तीन ते पाच दिवसांत घोडा दगावू शकतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. जास्त खाल्लेले बाहेर पडायला वाटच नसते. त्यामुळे त्याच्या पोटात असह्य कळा येतात.

मग त्याला काय द्यावे? पशुवैद्य आधी पाणी आणि मग लसूणघास द्यायला सांगतात. तीही थोडी थोडी. पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो वाळलेली लसूणघास पुरते. रात्रीही कोणीतरी उठून ती घालावी लागते. चौथ्या दिवसापासून प्रत्येक वेळचे खाणे हळूहळू वाढवतात आणि वेळा कमी करतात. दहा दिवसांनंतर त्याला पोटभर चारा देता येतो. धान्याची घाई मात्र तेव्हाही करू नये.

यानंतर दातांकडे वळावे. घोड्याचे दात वरून झिजतात आणि तेवढेच हिरडीतून वर सरकत राहतात. ते सारखे झिजले नाहीत, तर त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या गालाला आणि जिभेला टोचतात. घोडा घास चावतो आणि तोंडातून गवताचा बोळा खाली टाकतो. असे बोळे दिसले, तर दुखणे दातांत आहे असे समजावे. पशुवैद्य खास कानशीने त्या कडा घासून देतात. दात पडलेल्या घोड्याला चारा बारीक करून, पाण्यात भिजवून द्यावा लागतो.

आता खुरांचे पाहू. आपल्या नखांप्रमाणे खूरही वाढत असतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी ते कापावे लागतात. दुर्लक्ष झालेल्या घोड्याचे खूर वाढून वाकडे होतात. चांगला नालबंद ते एकाच दिवशी सरळ करीत नाही. थोडे कापतो, घोड्याच्या पायांना त्याची सवय होऊ देतो आणि मग पुन्हा कापतो. जंताचे औषध आणि धनुर्वाताची लसही पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावी.

अशा घोड्याच्या अंगावर मांस भरायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मन सावरायला कधी कधी आणखी वेळ लागतो. मार खाल्लेला घोडा हात वर झाला तरी दचकतो. त्याच्याशी रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, हळू आवाजात बोलावे. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. त्याला एकटेपणा सोसत नाही. दुसरा घोडा नसेल, तर गाढव किंवा शेळीही त्याला सोबत करते.

घोडा बरा झाला, की त्याला नवे घर शोधायचे. हे कामही जबाबदारीचे आहे. नव्या मालकापासून काहीही लपवू नये. घोड्याचे वय, त्याची दुखणी, त्याचा खर्च हे सारे स्पष्ट सांगावे. त्याच्याकडे जागा, पाणी आणि सावली आहे का, ते पाहावे. घोड्याला पुन्हा गाडीला जुंपणार नाही आणि परस्पर विकणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. नंतरही अधूनमधून जाऊन घोडा कसा आहे ते पाहावे.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रालाही पडला होता. मुंबईत व्हिक्टोरिया नावाच्या शोभेच्या घोडागाड्या चालत असत. केवळ मौजेसाठी अशा गाड्या चालवणे बेकायदा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. त्या एका वर्षात बंद कराव्यात, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी घोड्यांचे आणि गाडीवानांचेही पुनर्वसन करण्याची योजना सरकारने आखावी, असा आदेश दिला. हे महत्त्वाचे आहे. घोड्याला न्याय द्यायचा आणि गाडीवानाच्या मुलांना उपाशी ठेवायचे, हा न्याय नव्हे.

मित्रांनो, तुम्ही घोडा पाळू शकणार नाही कदाचित. पण एखादा म्हातारा घोडा उन्हात उभा दिसला, तर त्याच्यासमोर पाण्याची बादली ठेवू शकता. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवू शकता. त्याच्या मालकाशी अदबीने बोलू शकता. ज्याने उमेदीची सारी वर्षे माणसाचे ओझे वाहिले, त्याचे उतारवय सुखाचे करणे ही मेहेरबानी नाही. ते त्याचे आपल्यावरचे कर्ज आहे.

शब्दार्थ
मोकाट – बंधन नसलेला, मोकळा सुटलेला
खंगणे – झिजून अशक्त होणे
जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे
दगावणे – मरण पावणे
कानस – घासून झीज करण्याचे लोखंडी हत्यार
पुनर्वसन – जगण्याची नवी सोय लावून देणे

स्वाध्याय
१. कैरोतील बहुतेक घोडे बरे का होऊ शकले नाहीत?
२. उपाशी घोड्याला एकदम धान्य का देऊ नये?
३. घोड्याचे दात दुखत आहेत हे कशावरून ओळखावे?
४. 'घोड्याला न्याय द्यायचा आणि गाडीवानाच्या मुलांना उपाशी ठेवायचे, हा न्याय नव्हे.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द लिहा.