बेटावरची सहल, तीही एका दिवसात

मैत्रिणींनो, बेटावर जायचं म्हटलं की अंदमान, विमान आणि खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो. पण आपल्याला जवळचं बेट म्हणजे घारापुरी. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने साधारण तासाभरात पोचतो. नीट आखलं तर नाशिकहून सकाळी निघून रात्री परत. मुक्कामाचा खर्चच नाही.

आधी पैशाचं बोलू. सहलीसाठी गटातून अंतर्गत कर्ज काढू नका. ते बियाणं, आजारपण, शाळेच्या फीसाठी असतं, आणि सहलीचा हप्ता थकला की बोलणी सगळ्या गटाला बसतात. त्यापेक्षा नेहमीच्या बचतीशिवाय महिन्याला १०० रुपये वेगळ्या वहीत जमा करा. दहा महिन्यांत माणशी १,००० होतात. अंदाजे हिशेब असा: रेल्वे जाऊन-येऊन २५०, लाँच ३००, लेण्यांचं तिकीट ४०, गाव ते नाशिकरोड जीप वाटून २००. उरलेल्यात मुंबईतली बस आणि चहा. भाकरी-ठेचा घरून. भाडी बदलतात, म्हणून जायच्या महिन्यात एकीने चौकशी करावी.

वेळ मात्र परतीच्या गाडीपासून उलटी मोजा. पंचवटी एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. मग गेटवेला पाचच्या आत उतरायला हवं, म्हणजे बेटावरून साडेतीनची लाँच. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला हीच गाडी धरली, तर अकरापर्यंत सीएसएमटी आणि एकपर्यंत बेट. हाती अडीच तास, तेवढे पुरतात. परत नाशिकरोडला यायला रात्रीचे दहा वाजतात. "एवढ्या रात्री घरी कशा येणार?" इथंच आपल्या निम्म्या सहली मोडतात. म्हणून जीपवाल्याला परतीचंही आधीच ठरवून सांगा आणि त्याचा नंबर प्रत्येकीच्या घरी द्या.

सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात. कांद्याची लागण उरकली की फेब्रुवारी बरा, पण महाशिवरात्रीला तिथं फार गर्दी होते, तो दिवस नको.

लाँचमध्ये बसल्या बसल्या लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बांधा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि दहाहून जास्त जीव गेले. पोहता येणाऱ्या आपल्यात किती आहेत? साडीवर जॅकेट कसं दिसतं याची लाज नको.

धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पुढे शंभराच्या वर पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या ताईंसाठी पैसे देऊन डोली मिळते. माकडं पिशव्या ओढतात, डबे झाकून न्या. वर त्रिमुखी महेशमूर्ती, जवळपास वीस फूट उंच. समोर थोडा वेळ नुसतं बसा, फोटो नंतर.

आणि बेटावरच्या बायकांशी बोला. पर्यटकांना काकडी, कैरी, बोरं विकून त्यांचं घर चालतं. लाँच थांबल्या की धंदाही थांबतो. त्यांच्या गावात कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. खाऊ घ्यायचाच तर त्यांच्याकडूनच घ्या, आणि मुंबईत सुट्टे करून ठेवा.