जुनं आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हर पारखताना

१९०१ च्या सप्टेंबरमध्ये बफेलो शहरात अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते रिव्हॉल्व्हर साडेचार डॉलरचं होतं. बनलं होतं मॅसॅच्युसेट्समधल्या आयव्हर जॉन्सन कारखान्यात. अशी स्वस्त रिव्हॉल्व्हरं तिथे लाखोंनी तयार झाली. अमेरिकेत अजूनही आजोबांच्या कपाटातून एखादं निघतं आणि घरचे दोनच गोष्टी विचारतात: हे चालेल का, आणि किती येतील?

हत्यार भरलेलंच आहे असं धरूनच ते हातात घ्यावं. बोट चापापासून लांब, नळीचं तोंड कुणी नसलेल्या दिशेला. वरचा खटका उचलला की नळी बिजागरीवर पुढे झुकते. चक्रीतली पाचही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी पाहायचं, मगच पुढचं. आता ते मिटवून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरा आणि वरखाली हलवून बघा. खडखड लागली तर खटका किंवा बिजागरी झिजली आहे.

खरी परीक्षा चक्रीची. तिच्यावर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा सावकाश मागे ओढा. घोडा अडकेपर्यंत चक्रीही खाचेत घट्ट बसली पाहिजे. नाही बसली, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण झाडणाऱ्याच्या बाजूला उडतात. हे पाचही घरांवर करायचं, कारण प्रत्येक खाच वेगळी झिजते.

एवढं सगळं ठीक निघालं तरी मुठीची फळी उघडून बघाच. आत सपाट पट्टीची स्प्रिंग दिसली तर ते साधारण १९०९ पूर्वीचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब त्याच्यासाठी नाही. माझ्या मते ते झाडूच नये. वेटोळ्याची स्प्रिंग नंतरच्या, बिनधुराच्या दारूसाठी केलेल्या नमुन्यात असते. तेही आधी जाणत्या कारागिराला दाखवावं.

किंमत फार नसते; दुरुस्तीचा खर्च सहज तिच्या वर जातो. भाव मिळतो तो निकेलच्या मूळ मुलाम्याला. निकेलच्या नगावर चापाभोवतीचं कडं सहसा निळसर काळं असायचं. तेही चकचकीत असेल आणि ठशांच्या कडा बोथट झाल्या असतील, तर मुलामा नंतर चढवलेला. संग्राहक मग पाठ फिरवतो. त्यापेक्षा पापुद्रे सुटलेलं, पण हात न लावलेलं रिव्हॉल्व्हर तो आनंदाने घेतो.