रेवदंड्याच्या छपरासाठी नेलगन निवडताना

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेलेल्या वाऱ्याने रेवदंडा-चौलच्या पट्ट्यात पोफळी आडव्या केल्या, कौलं आणि पत्रे उडवले. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात छप्पर हवं असतं आणि पाऊस दारात उभा असतो, तेव्हा सुताराच्या हाताचा वेग ही घरमालकाचीही काळजी होते. हवेवर चालणाऱ्या नेलगनची चौकशी सुरू होते ती अशाच वेळी. व्हिडिओत ती खटाखट चालताना दिसते, पण ती पाइनच्या मऊ लाकडात. आपल्याकडे सागाचे वासे आहेत, ऐनाची तुळई आहे, खारी हवा आहे आणि मध्येच मान टाकणारी वीज आहे. गन घ्यायची तर हे सगळं धरून घ्यायची.

मुळात तिची गरज किती, ते आधी पाहू. मंगलोरी कौलाला खिळा लागत नाही. ते मागच्या नाकाने रिपेवर अडकून बसतं. खिळे लागतात ते रिपा वाशांवर ठोकायला. रिपा साधारण साडेबारा-तेरा इंचांवर येतात, म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपराला सव्वानऊशे-साडेनऊशे फूट रीप लागते. वासे दीड-दीड फुटावर धरले तर सहाशेच्या वर सांधे होतात. सांध्याला एक-दोन खिळे धरा, आकडा हजाराच्या आसपास जातो. हातोड्याने एका खिळ्याला पाच-सात घाव, तेही उतारावर एका पायाचा तोल सांभाळत. इथे गनचा फायदा उघड आहे. जुन्या घराची चार कौलं बदलायची असतील किंवा दाराची चौकट बसवायची असेल, तर तिचा खर्च निघायचा नाही.

तिचं काम कसं चालतं ते कळलं की निवड निम्मी होते. कॉम्प्रेसरमधली हवा गनच्या मुठीत आणि डोक्यात दाबून भरलेली असते. घोडा ओढला की डोक्यातली झडप उघडते आणि ती हवा पिस्टनच्या माथ्यावर कोसळते. पिस्टनला जोडलेली पोलादी पट्टी खाली येऊन नळीतला खिळा एका धक्क्यात लाकडात घालते. खाली रबराची जाड बैठक असते, तिच्यावर पिस्टन आपटून थांबतो. उतरताना त्याने खाली दाबलेली हवा सिलिंडरच्या भोकांतून बाजूच्या कप्प्यात साठते. घोडा सोडला की वरची हवा फस्सकन बाहेर पडते आणि कप्प्यातली हवा पिस्टनला पुन्हा वर ढकलते. पुढचा खिळा नळीत सरकतो. सगळ्या हालचालीत हवा धरून ठेवणाऱ्या ओ-रिंगा झिजल्या की गन खिळा अर्धवट सोडू लागते, आणि दोष मात्र बिचाऱ्या कॉम्प्रेसरला मिळतो.

दुकानात गेल्यावर आधी खिळा बघावा, मग गन. बाजारात तीन घराणी आहेत. फर्निचरवाले वापरतात ती एफ-३० ही बारीक ब्रॅडची गन आहे. तिचे खिळे जेमतेम ३० मिमी लांब आणि जवळजवळ डोकं नसलेले असतात. प्लायच्या पट्टीला ती उत्तम, छपराला निरुपयोगी. दुसरी खरी फ्रेमिंग नेलर. तिच्यात प्लास्टिकने किंवा कागदाने जोडलेल्या खिळ्यांची तिरकी पट्टी बसते, आणि २१ ते ३४ अंशांच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकमेकींच्या गनमध्ये चालत नाहीत. अमेरिकेत घरांचे सांगाडे हिच्यावर उभे राहतात. तिसरी कॉइल नेलर. तारेने जोडलेल्या खिळ्यांचं वेटोळं तिच्या गोल डब्यात बसतं, एका वेटोळ्यात अडीचशे-तीनशे खिळे. पॅलेट आणि पॅकिंगच्या पेट्या ठोकणारे हीच वापरतात.

माझं मत तिसरीच्या बाजूने आहे, आणि कारण गनपेक्षा खिळ्याचं आहे. आपल्याकडे पॅलेटचा धंदा मोठा असल्याने कॉइलचे खिळे मुंबईत नागदेवीला सहज मिळतात. २१ अंशांची पट्टी मागितली तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो. रेवदंड्यात बसून ऐन हंगामात पट्ट्यांची वाट बघणं परवडणारं नाही. सीएन-५५ साधारण २५ ते ५७ मिमी खिळा घेते, सीएन-७० सत्तरपर्यंत, सीएन-८० त्याच्याही पुढे. एक इंच जाड रीप वाशावर मारायची तर अडीच इंची खिळा बरा, म्हणून सीएन-७०. सीएन-८० दणकट आहे, पण भरलेली गन धरून दिवसभर उतारावर बसल्यावर तिचं वजन खांद्याला कळतं.

खिळ्याची जात हा इथला सगळ्यात मोठा मुद्दा. गुळगुळीत खिळा लाकडाच्या दाबावर धरून राहतो. वाऱ्याने छप्पर वर उचललं की तो सरळ निघून येतो. कडी-कडीचा, म्हणजे अंगावर आडव्या वळ्या असलेला खिळा तंतूंत अडकतो, म्हणून किनाऱ्यावर तोच घ्यावा. दुसरं म्हणजे गंज. चकचकीत पांढरा खिळा बहुधा विजेने जस्त चढवलेला असतो. तो थर अगदी पातळ, खाऱ्या हवेत लवकर खाल्ला जातो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला खिळा मळकट राखाडी आणि जरा खडबडीत दिसतो. दिसायला गरीब, पण टिकायला तोच. लाटेचा तुषार येईल इतक्या जवळ घर असेल तर स्टेनलेसचा हिशोब करावा.

लाकूड पाइनचं असेल तर गन सुखात चालते. मुंबईकरांच्या बंगल्यांतले डेक आणि गझिबो याच लाकडाचे असतात. तिथे उलट दाब जास्त झाला की डोकं लाकडात बुडतं, तंतू तुटतात आणि पकड कमी होते. डोकं पृष्ठभागाशी बरोबर बसलं पाहिजे, त्यासाठी गनच्या नाकाशी खोली जुळवायची चकती असते. जुना मुरलेला साग किंवा ऐन असेल तर खिळा दोन-तीन सूत वर राहतो. तेव्हा दाब वाढवत सुटू नये. बहुतेक गनची मर्यादा आठ बारच्या आसपास असते, ती अंगावरच लिहिलेली असते. उरलेलं काम हातोड्याने, आणि तुळईच्या सांध्याला सरळ भोक पाडून बोल्ट. वासा भिंतीवरच्या पाटाला बांधतो तो सांधाही गनवर सोडू नये. वादळात छप्पर सुटतं ते तिथून. तिथे लोखंडी पट्टी हवी.

कॉम्प्रेसरचं गणित सोपं आहे. मोठी गन एका खिळ्याला अंदाजे दोन-अडीच लिटर मोकळी हवा खाते. २४ लिटरची टाकी आठ बारवरून सहावर उतरली की ४८ लिटर हवा मिळते, म्हणजे वीसेक खिळे. मग मोटर भरून काढेपर्यंत थांबा. एकट्या सुताराला एक हॉर्सपॉवर पुरतो, दोघे मारणार असतील तर दोन हॉर्सपॉवर आणि ५० लिटरची टाकी. व्होल्टेज पडलं की मोटर कण्हते, तेव्हा लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर टाळावी. कॉम्प्रेसर विजेजवळ ठेवून हवेची नळी लांब करणं बरं. पण तीही बारीक नको, नाहीतर छपरावर पोचेपर्यंत दाब गळतो. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं ते विहिरीला झरा लागल्यासारखं, म्हणून संध्याकाळी खालची तोटी उघडायचीच. सकाळी गनच्या हवेच्या तोंडात पातळ न्यूमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. गाडीचं इंजिन ऑइल नको, ते ओ-रिंगांना मानवत नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फॅब्रिकेशनच्या दुकानात ऑक्सिजनचा सिलिंडर असतो आणि 'दाबच तर हवाय' म्हणून तो जोडायची बुद्धी होऊ शकते. तेल लागलेल्या गनमध्ये दाबाखालचा ऑक्सिजन गेला तर तिचा स्फोट होतो. हवा कॉम्प्रेसरचीच.

घोडा दोन प्रकारचा येतो. एकात नाक लाकडावर टेकवायचं आणि मग प्रत्येक खिळ्याला घोडा नव्याने ओढायचा. दुसऱ्यात घोडा दाबून धरायचा आणि नाक आपटत जायचं, प्रत्येक आपटीला खिळा. दुसरा वेगवान आहे, पण धक्क्याने गन उसळून पुन्हा टेकली की नको तिथे दुसरा खिळा सुटतो. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत या आपटणाऱ्या घोड्याने इजेचा धोका दुप्पट असल्याचं म्हटलं आहे. रिपेवर अधूनमधून खिळा मारायचा असताना पहिलाच घ्यावा. वेळ जातो तो सांध्यावर नेम धरण्यात, घोडा ओढण्यात नाही. गाठ लागली की खिळा वळून लाकडाच्या बाजूने बाहेर येतो, म्हणून दुसरा हात खिळ्यापासून फूटभर लांब. अडकलेला खिळा काढताना आधी हवेची नळी सोडवायची.

नेमाबद्दल अजून एक. १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू वादळाने छपरं उडाली तेव्हा तपासणाऱ्यांना अनेक ठिकाणी खिळे आणि स्टेपल्स खालच्या लाकडाला लागलेच नसल्याचं दिसलं. गनने मारताना हाताला ते कळत नाही. हातोड्याने चुकलेला खिळा पोकळ वाजतो, गनला सगळे आवाज सारखेच. रीप मारून झाली की आतून, माळ्यावर चढून, विजेरीने वाशांच्या दोन्ही कडा बघाव्यात. बाजूला चमकणारं टोक दिसलं तर तो खिळा मोजायचा नाही, शेजारी दुसरा मारायचा.

दुकानात गन हातात घेऊन ती कॉम्प्रेसरला जोडायला लावा आणि सागाचा एक तुकडा घरूनच न्या. दुकानातल्या पाइनच्या फळीवर कुठलीही गन चालते. सागात सलग दहा खिळे मारा, किती वर राहतात ते बघा, मग गन लाकडावरून उचलून घोडा ओढा. खिळा सुटला तर ती गन तशीच परत द्या. आणि ओ-रिंगांचा संच, पिस्टनची पट्टी आणि बैठकीचं रबर सुटं मिळतं का ते पैसे देण्याआधी विचारा.