डायनॅमिक लिंकर आणि डीबगर यांच्यातील दुव्याची स्थिरता : ‘आर-डीबग’ संरचनेच्या संदर्भात

युनिक्स कुळातील संगणकप्रणालींमध्ये बहुतेक प्रोग्राम स्वयंपूर्ण नसतात. त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रोग्राम सुरू होताना, किंवा तो चालू असतानाही, स्मृतीत आणून जोडण्याचे काम डायनॅमिक लिंकर करतो. कोणती लायब्ररी कोणत्या पत्त्यावर बसली हे निश्चितपणे फक्त त्यालाच ठाऊक असते. सुरक्षिततेसाठी हे पत्ते दर वेळी बदलले जात असल्याने त्यांचा आधी अंदाज बांधता येत नाही. प्रोग्राममधील दोष शोधणाऱ्या डीबगरला मात्र हीच माहिती सर्वप्रथम लागते. ती नसेल तर लायब्ररीतील फलनाचे नावही त्याला सांगता येत नाही. लिंकर आणि डीबगर स्वतंत्रपणे लिहिले जातात व स्वतंत्रपणे अद्ययावत होतात. म्हणून त्यांच्यातील देवाणघेवाणीचे स्वरूप दीर्घकाळ टिकणारे असावे लागते. या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात लिनक्सवरील ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या लिंकरसंदर्भात केला आहे.

हा दुवा युनिक्स सिस्टीम पाचच्या चौथ्या आवृत्तीच्या परंपरेतून आलेला असून त्याची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. प्रोग्रामच्या डायनॅमिक विभागात ‘डीटी-डीबग’ नावाची एक नोंद असते. प्रोग्राम सुरू होताना लिंकर तीत ‘आर-डीबग’ या संरचनेचा पत्ता लिहितो. या संरचनेत आवृत्ती क्रमांक, लायब्रऱ्यांच्या साखळीचे टोक, एका फलनाचा पत्ता, साखळीची सद्यःस्थिती आणि खुद्द लिंकरचा पत्ता अशी पाच क्षेत्रे असतात. साखळीतील प्रत्येक कडीत लायब्ररीचे नाव, फाइलमधील व स्मृतीतील पत्त्यांमधला फरक, डायनॅमिक विभागाचा पत्ता आणि पुढील-मागील कड्यांचे निर्देश असतात. प्रत्यक्षात ग्लिबसीची अंतर्गत कडी याहून कितीतरी मोठी आहे. तथापि जाहीर केलेली आहेत ती आरंभीची पाच क्षेत्रेच. उरलेला भाग लिंकरला हवा तेव्हा बदलता येतो, आणि स्थिरतेचे बरेचसे श्रेय या संयमाला द्यावे लागेल.

संरचनेत ज्याचा पत्ता दिलेला असतो ते फलन रिकामे असते. साखळीत बदल करण्यापूर्वी लिंकर सद्यःस्थितीच्या क्षेत्रात ‘भर पडत आहे’ किंवा ‘वजा होत आहे’ असे नोंदवून या फलनास बोलावतो आणि बदल पूर्ण झाल्यावर ‘सुसंगत’ अशी नोंद करून पुन्हा बोलावतो. डीबगर तेथे थांबा लावून ठेवतो. युक्ती चतुर खरी, परंतु महाग आहे. साखळीतील प्रत्येक बदलामागे प्रोग्राम दोनदा थांबतो व दर थांब्याला सबंध साखळी वाचली तर शेकडो लायब्रऱ्या वापरणारा प्रोग्राम डीबगरखाली रखडू लागतो. पुढे ग्लिबसीमध्ये सिस्टमटॅप पद्धतीच्या खुणा आल्या व जीडीबी हा डीबगर त्यांचा उपयोग करू लागला. खुणा नसतील तर तो जुन्या मार्गावर परततो.

सोलारिसने निराळा मार्ग अवलंबिला. तेथे लिंकरसोबतच एक साहाय्यक लायब्ररी दिली जाते. डीबगर ती स्वतःत जोडून घेतो आणि तिच्या फलनांना प्रश्न विचारतो. त्यामुळे लिंकरची अंतर्गत रचना वाटेल तशी बदलली तरी चालते. परंतु दुसऱ्या यंत्रावरची स्मृतिप्रत तपासायची असल्यास तिच्याशी जुळणारी साहाय्यक लायब्ररीच हवी, ही अडचण उरते. शिवाय तपासल्या जाणाऱ्या यंत्रणेकडून आलेला संकेत डीबगरच्या आत चालवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही निर्धोक नाही. स्मृतीतील साधी संरचना वाचणे या बाबतीत उजवे ठरते.

या संरचनेची खरी कसोटी नामावकाशांमुळे लागली. २००४ मधील ग्लिबसी २.३.४ पासून ‘डीएलएमओपन’ या फलनाद्वारे लायब्रऱ्या स्वतंत्र नामावकाशात उघडता येऊ लागल्या. प्रत्येक नामावकाशाची साखळी वेगळी. डीबगरला दिसे ती मात्र फक्त मुख्य. इतर नामावकाशांत बिघाड झाल्यास तेथील फलनांची नावे लागत नसत. हा प्रश्न २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या ग्लिबसी २.३५ मध्ये हाती घेण्यात आला. पुढील नामावकाशाच्या संरचनेकडे निर्देश करणारे एकच नवे क्षेत्र हवे होते. पण मूळ संरचना मोठी करणे शक्य नव्हते, कारण ‘आर-डीबग’ हे चिन्ह बाहेर उघड असल्याने आधी संकलित झालेल्या काही प्रोग्रामांमध्ये तिची जुन्या आकाराची प्रत तयार होऊ शकते व नवे क्षेत्र त्या प्रतीत मावले नसते. म्हणून जुनी संरचना आरंभी तशीच ठेवून तिच्यापुढे क्षेत्र जोडलेली विस्तारित संरचना वेगळ्या नावाने देण्यात आली. अशा प्रोग्रामांत आवृत्ती क्रमांक २ लिहिला जातो. एकच नामावकाश असेल तर तो १ राहतो.

येवढी काळजी घेऊनही घोटाळा टळला नाही. सोलारिसनेही पूर्वी आवृत्ती २ वापरली होती व तेथे नेमक्या त्याच जागी लिंकरच्या स्वतःच्या साखळीचा निर्देश असे. जीडीबीचा समज असा की १ पेक्षा मोठा क्रमांक म्हणजे सोलारिसचीच रचना. त्यामुळे लिनक्सवर तो पुढील संरचनेच्या पत्त्यालाच साखळीची कडी समजला असता. दूरस्थ तपासणीचा जीडीबीसर्व्हर तर १ खेरीज कोणताच क्रमांक स्वीकारत नसे. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागली आणि ती नसलेले जीडीबी अशा प्रोग्रामांशी विसंगत ठरेल, अशी सूचना ग्लिबसी २.३५ च्या प्रकाशन-टिपणात स्पष्टपणे द्यावी लागली. आवृत्ती क्रमांक होता, पण अपरिचित क्रमांक दिसल्यास वाचणाऱ्याने काय करावे आणि तो क्रमांक देण्याचा अधिकार कोणाचा, हे मात्र दोन प्रणालींमध्ये मिळून कधीच ठरलेले नव्हते.