कोळशाच्या भट्टीत वायू जाळला तर?

सेवाग्राम स्थानकाच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहा. बल्लारशाहकडून कोळशाने भरलेली एखादी मालगाडी येताना दिसेल. तिच्या वाघिणी मोजा. साधारणपणे ५८-५९ भरतील. एका वाघिणीत साठ-पासष्ट टन कोळसा धरला, तर अख्ख्या गाडीत सुमारे ३,७०० टन झाला.

आता एक सोपे गणित करू. २१० मेगॅवॉट क्षमतेचा जुना वीजसंच चोवीस तास पूर्ण शक्तीने चालला, तर सुमारे ५० लाख युनिट वीज मिळते. आपल्याकडच्या कोळशावर अशा संचाला एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कोळसा लागतो. करा गुणाकार. उत्तर येते पावणेचार हजार टन! म्हणजे तुमच्यासमोरून धडधडत गेलेली ती लांबलचक गाडी हा एका संचाचा एका दिवसाचा शिधा. त्यात पुन्हा आपल्या कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३५ ते ४० टक्के असते. म्हणून त्याच दिवशी संचामागे तेराशे ते पंधराशे टन राखही साठते.

ही राख जाते कुठे? बरीचशी सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांकडे जाते. बाकीची पाण्यात कालवून नळांतून राख-तलावात सोडतात. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये भर पावसाळ्यात फुटला. राखेचा चिखल नाल्यांत आणि आसपासच्या शेतांत पसरला.

कोराडीचे पहिले संच १९७४ नंतर सुरू झाले. ते म्हातारे झाले आणि निवृत्त झाले. २०१५ ते २०१७ या काळात तेथे ६६० मेगॅवॉटचे तीन नवे संच आले. पुढे आणखी दोन तेवढ्याच क्षमतेच्या संचांचा प्रस्ताव निघाला. २९ मे २०२३ रोजी त्यावर कोराडीत जनसुनावणी झाली. रोजगार मिळेल म्हणून पाठिंबा देणारे तेथे होते. तसेच, आहेत त्या संचांच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा आधी बसवा, राखेचा बंदोबस्त करा, मग नव्याचे बोला, असे सुनावणारेही होते.

प्रस्तावित संच कोळशाचेच होते. वायूचा विचार तेथे नव्हता. पण मुंबईहून नागपूरकडे जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने, आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच, टाकली आहे. तेव्हा कोणीतरी विचारणारच की, जुन्या भट्टीत कोळशाऐवजी हा वायू का जाळू नये?

अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यात लॅन्सिंग गावाजवळ, कायुगा सरोवराच्या काठी, १९५०च्या दशकातले एक कोळसा-केंद्र होते. त्याचे रूपांतर वायू-केंद्रात करावे, असा प्रस्ताव २०१३ च्या सुमारास आला आणि परिसरातल्या अनेक नागरिकांनी त्याला कसून विरोध केला. तुम्ही म्हणाल, राख गेली, काळा धूर गेला, मग यांना हवे तरी काय होते?

आधी वायूची बाजू पाहू. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. कोळशात मात्र कार्बनचाच भरणा. मिथेन जळताना पुष्कळशी उष्णता हायड्रोजनपासून मिळते आणि त्याचे नुसते पाणी होते. म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी कार्बन डायऑक्साइड कमी निघतो. राख नाही, गंधक जवळजवळ नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र टळत नाहीत, कारण त्यांतला बराचसा नायट्रोजन हवेतलाच असतो आणि हवेशिवाय ज्योत नाही.

आता जुन्या भट्टीकडे वळू. तिच्यात कोळसा जळतो, बाष्पित्रात म्हणजे बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज देते. या सगळ्या खटाटोपात १०० भाग उष्णतेतून विजेचे जेमतेम ३३ भाग हाती लागतात. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि मुख्यतः वाफ थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. भट्टीत नुसता वायू पेटवला, तर ज्वाला बदलली. पण बाष्पित्र तेच, टर्बाइन तेच, वाफ थंड करायला लागणारे पाणीही जवळजवळ तेवढेच. राख वाहून नेण्याचे पाणी वाचेल, इतकेच.

विदर्भात या पाण्याची किंमत सांगायला नको. ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी अमरावतीजवळच्या औष्णिक केंद्राला देण्यावरून २०१० नंतर शेतकऱ्यांनी आंदोलने केली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. कोराडीला नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात, ही मला त्या केंद्राची सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

दुसराही मार्ग आहे. वायू आधी विमानाच्या इंजिनासारख्या वायू-टर्बाइनमध्ये जाळायचा आणि तिच्यातून निघणाऱ्या तप्त झोतावर वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवायचे. याला संयुक्त चक्र म्हणतात. येथे १०० भागांतून ५० ते ५५ भाग वीज मिळते, पाणीही बरेच कमी लागते. पण हे जुन्या केंद्राचे रूपांतर कसले? बहुतेक सारे नवेच बांधायचे, जुनी राहते ती जमीन आणि विजेच्या तारा! म्हणून ‘रूपांतर’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न हा विचारावा : कोणते, पहिल्या प्रकारचे की दुसऱ्या?

एका युनिटामागे जुने कोळसा-केंद्र सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. जुन्याच बाष्पित्रात वायू जाळला तर सुमारे ६०० ग्रॅम, संयुक्त चक्रात सुमारे ४०० ग्रॅम. हे आकडे धुराड्याच्या तोंडाशी मोजलेले. विहिरीपासून केंद्रापर्यंतच्या वाटेवर वायू गळतो, तो यात नाही. न जळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. आता मांडा : ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडसाठी सुमारे २२० ग्रॅम मिथेन जाळावा लागतो. त्याच्या दोन टक्के, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आत-बाहेर वायू गळला, तर त्याचा परिणाम सुमारे ३५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका. बेरीज झाली ९५० ग्रॅम. कोळशाच्या अगदी जवळ! (कोळशाच्या खाणींतूनही मिथेन निसटतो, तो धरला तर कोळशाचाही आकडा वर जाईल, हे विसरू नका.)

लॅन्सिंगच्या विरोधकांचे म्हणणे याच धर्तीचे होते. शेजारच्या पेनसिल्वेनियात खोल खडक पाण्याच्या दाबाने फोडून वायू काढतात. तेथे पाणी बिघडणार आणि वायू गळणार, मग आमचे केंद्र स्वच्छ कसे? शिवाय एकदा पैसा ओतला की तो वसूल होईपर्यंत तीस-चाळीस वर्षे वायूच जाळत बसावे लागेल, आणि भुर्दंड वीजग्राहकांना. दुसरी बाजूही खरी होती. ते केंद्र लॅन्सिंगचा सर्वांत मोठा करदाता होते. गावची शाळा त्या करावर बरीच अवलंबून होती. शेवटी २०१६ मध्ये राज्याच्या वीज-नियामक आयोगाने रूपांतराचा प्रस्ताव नाकारला. केंद्र २०१९ मध्ये बंद पडले.

वायूच्या पुरवठ्याची धास्ती आपल्यालाही अनोळखी नाही. उरणचे वायू-केंद्र १९८२ पासून चालू आहे, पण पुरेशा वायूअभावी त्याची ६७२ मेगॅवॉटची क्षमता पूर्णपणे वापरता आलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळचे प्रचंड केंद्र तर २०१३ मध्ये वायूच्या तुटवड्याने ठप्प झाले. कोळशाची गाडी उशिरा आली तर आवारातल्या ढिगावर आठवडाभर निभावता येते. वायूचा ढीग घालता येत नाही.

असा एखादा मोठा प्रकल्प आपल्या जिल्ह्यात आला आणि त्याला जनसुनावणीची अट असली, तर तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात वाचायला ठेवलेला असतो. शिक्षकांनी तो वर्गात आणावा आणि विद्यार्थ्यांनी वरची आकडेमोड त्यातल्या आकड्यांवर करून पाहावी : रोज किती गाड्या, किती राख, एका युनिटाला किती लिटर पाणी. सुनावणीत कोणीही उठून विचारू शकतो. विचारलेले आणि त्यावर मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून ते सुनावणीच्या शेवटी जमलेल्या लोकांना मराठीत वाचून दाखवावे लागते.