वायफाय हल्ला आणि पासवर्डची भाबडी आशा

वायफायमध्ये त्रुटी सापडल्याची बातमी आली की आपण आधी पासवर्ड बदलतो. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी जाहीर झालेल्या ‘क्रॅक’ हल्ल्यापुढे या उपायाचा काहीच उपयोग नव्हता, कारण त्या हल्ल्याला पासवर्ड लागतच नव्हता.

बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठातला संशोधक मॅथी वानहूफ ‘ओपनबीएसडी’ या संगणक प्रणालीचा कोड वाचत होता. त्यात संदेश कूटबद्ध करणारी किल्ली बसवणारं एक फंक्शन त्याला दिसलं. हे दोनदा चाललं तर काय होईल, असा प्रश्न त्याला पडला. क्रॅकचं मूळ त्या प्रश्नात आहे.

मोबाइल राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. तिसरा संदेश आला की मोबाइल त्या जोडणीपुरती नवी किल्ली बसवतो. हवेत संदेश हरवतात, म्हणून पोच आली नाही तर राउटर तिसरा संदेश पुन्हा पाठवतो. ही सोय वायफायच्या मानकातलीच आहे. हल्लेखोर मध्ये शिरून पोच अडवतो. संदेश पुन्हा येतो, मोबाइल तीच किल्ली पुन्हा बसवतो आणि पॅकेटांचे क्रमांक परत पहिल्यापासून सुरू होतात. एकाच किल्लीने, एकाच क्रमांकाने दोन पॅकेटं कूटबद्ध झाली की एकातला मजकूर ठाऊक असल्यास दुसऱ्यातला उलगडतो. अँड्रॉइड ६ ची गत तर आणखी वाईट होती. पहिल्यांदा बसवल्यावर किल्ली मेमरीतून पुसली जाई, त्यामुळे दुसऱ्या वेळी सगळी शून्यं असलेली किल्ली बसे.

‘पण वायफायचं हे सुरक्षा मानक, डब्ल्यूपीए२, गणिताने सुरक्षित सिद्ध झालं होतं ना?’ झालं होतं, आणि ती सिद्धता आजही चुकीची नाही. किल्ली कधी आणि किती वेळा बसवायची, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नव्हता. मला या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

क्रॅकला पासवर्ड लागत नव्हता, म्हणून पासवर्ड बिनमहत्त्वाचा ठरत नाही. डब्ल्यूपीए२ मधले तेच चार संदेश टिपून घेतले की घरी बसून पासवर्डचे अंदाज लावता येतात. आपल्याकडे मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवायची सवय फार. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर ४०० कोटी होतात, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासतं. काही तासांचंच काम.

पासवर्ड भक्कम करण्याऐवजी नेटवर्कचं नाव लपवणं हा उपायच नव्हे. जोडणी करताना मोबाइल ते नाव उघडपणे उच्चारतो.

संशोधक त्रुटी छापून चोरांना वाट दाखवतात, हा आरोप मला अन्यायकारक वाटतो. क्रॅकची माहिती ऑगस्ट २०१७ मध्येच कंपन्यांना गुपचूप दिली गेली होती. वानहूफनेच २०२१ मध्ये मांडलेल्या ‘फ्रॅग अटॅक्स’ या वायफायमधल्याच त्रुटींच्या वेळी कंपन्यांना सुमारे नऊ महिने मिळाले. त्या १२ त्रुटींपैकी ३ मानकाच्या रचनेतल्या होत्या, आणि काहींचं मूळ थेट १९९७ सालात होतं.

क्रॅकची मुख्य दुरुस्ती राउटरपेक्षा मोबाइल-लॅपटॉपमध्ये व्हायला हवी होती, म्हणजे नवा राउटर आणूनही जुना फोन धोक्यातच राहिला. मोबाइलच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. पासवर्ड बदलण्याआधी ती पाहा.