उत्पन्न दुसऱ्याचे, नोटीस तुम्हाला!

न मिळालेल्या उत्पन्नाबद्दल प्राप्तिकर खात्याची नोटीस आली, की प्रामाणिक करदाताही गोंधळतो. अनेकदा मूळ दोष चुकीच्या पॅनचा असतो. नामसाधर्म्यामुळे बँक किंवा कंपनी एकाच्या व्यवहारापुढे दुसऱ्याचा पॅन नोंदवते आणि व्याज किंवा पगार भलत्याच्याच नावावर दिसू लागतो. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’, तर पाचवे आडनावाचे आद्याक्षर असते. त्यामुळे पाटील आणि पवार यांच्या पॅनमध्ये ही दोन्ही अक्षरे सारखीच येतात. म्हणून दहाही अक्षरे-अंक ताडून पाहणे आवश्यक ठरते.

खात्याच्या संकेतस्थळावर २०२१पासून वार्षिक माहिती विवरण पाहता येते. परकी नोंद आढळल्यास ‘ही माहिती अन्य पॅनची आहे’ असा अभिप्राय तेथेच नोंदवावा. टीडीएसची नोंद मात्र करकपात करणाऱ्यालाच दुरुस्ती विवरणपत्र भरून बदलता येते. त्यासाठी बँकेकडे अथवा कंपनीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. दुसऱ्याच्या टीडीएसवर परतावा मागू नये.

नोटिशीला मुदतीत, पुराव्यांसह उत्तर देणे महत्त्वाचे. मौन बाळगल्यास कराची मागणी कायम होते आणि पुढे हक्काच्या परताव्यातूनच ती रक्कम वळती केली जाऊ शकते.